एका गाठीला एक गोळी

महारोगावर गोळी निघाली, ही बातमी आमच्याकडे गोळीच्या कितीतरी आधी येऊन पोहोचली. बातमीला रस्ता लागत नाही. गोळीला लागतो. नदीला उतार असावा लागतो, चांद्याच्या कचेरीत कुणाची तरी सही लागते, आणि सही करणारा माणूस त्या दिवशी रजेवर नसावा लागतो. एवढं सगळं जुळून आलं की मग आमच्यासारख्यांनी ती गोळी कशी असते ते बघायचं.

मी तेव्हा भामरागडच्या वाटेवरच्या एका सरकारी दवाखान्यात नर्स होते. डॉक्टरांची जागा मंजूर होती, डॉक्टर नव्हते. डॉक्टर यायचे, मग त्यांना हिवताप यायचा, मग बदलीचा हुकूम यायचा. उरायचो मी आणि शिपाई. शिपाई गोंडपिपरीकडचा, उतारवयाचा. उभी नोकरी जंगलात काढल्यामुळे माडिया बोली त्याला घरच्यासारखी येत होती. मी त्याला भाऊ म्हणायची. भाऊ तीन गोष्टींना भ्यायचा, अस्वलाला, साहेबाला आणि महारोगाला. त्यामुळे रोग्याशी बोलताना तो दुभाष्याचं काम दाराबाहेरून करायचा.

गोळीच्या आधी आमच्याकडे कडू कवठीचं तेल होतं. ते दाभणासारख्या जाड सुईनं टोचायचं. माणूस ओरडायचा, टोचलेली जागा पिकायची, आणि तरी पुढच्या बाजाराला तो माणूस पुन्हा यायचा. मला त्याचाच जास्त त्रास व्हायचा. तेलानं फारसं काही होत नाही हे मला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक नव्हतं. संध्याकाळी सुया उकळायला ठेवल्या की माझ्या अंगातली सगळी ताकद गेलेली असायची.

ती बाई अशाच एका बाजाराच्या दिवशी आली. पर्लकोटा नदीच्या पलीकडच्या एका माडिया गावातली. कडेवर मूल, डोक्यावर चारोळीची टोपली. चुलीवरचं मडकं उतरवताना तिचं बोट भाजलं होतं आणि तिला ते वासावरून कळलं होतं. दंडावर एक फिकट चट्टा होता, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट जरासं आत वळायला लागलं होतं. तिला बाजारापुरती मराठी येत होती. तिनं हात माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, “बाई, हात झोपला. उठव.”

हात उठवणं माझ्या हातात नव्हतं. पण नवी गोळी वेळेवर सुरू झाली आणि खंड पडला नाही, तर बाकीची बोटं वाचण्याची आशा होती. अंगठा वाचला असता, पकड वाचली असती. धानाचं रोप लावायला, मडकं धरायला, मूल उचलायला एवढं पुरतं. मी तिला सांगितलं, औषध येणार आहे. कधी येणार, हे तिनं विचारलं नाही. तिथली माणसं असले प्रश्न विचारत नाहीत, आणि त्यामुळे आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.

गोळ्यांच्या आधी समिती आली. महारोगाच्या कामात केस पांढरे झालेले एक मोठे डॉक्टर होते, विलायतेत शिकून आलेले एक तरुण डॉक्टर होते, आणि हिशेबाकडे बघणारे एक साहेब होते. डाकबंगल्यावर बैठक झाली. मला बोलावलं होतं ते पाणी, चहा आणि माहिती पुरवण्यासाठी, याच क्रमानं.

मोठे डॉक्टर म्हणाले, “इतकं चांगलं औषध आमच्या आयुष्यात दुसरं आलं नाही. म्हणूनच ते असं वाटत सुटायचं नाही. अर्धवट गोळ्या खाल्ल्या तर रोग गोळीला सरावेल, आणि मग ना हे राहील ना ते. रोग्याला महारोग्यांच्या आश्रमात आणा, समोर बसवा, गोळी तोंडात पडलेली डोळ्यांनी बघा.”

तरुण डॉक्टर म्हणाले, “आश्रमात किती जणांना आणणार? लोक आश्रमाच्या भीतीनं चट्टे लपवतात. औषधानं रोग्याच्या घरी गेलं पाहिजे. ते त्याच्या घरी जाऊ शकतं, हेच तर त्यातलं नवं आहे.”

हिशेबाचे साहेब म्हणाले, “आधी चहा येऊ द्या.”

खरं सांगायचं तर मला दोघांचंही पटत होतं, आणि दोघांचाही कंटाळा आला होता. मोठे डॉक्टर मूर्ख नव्हते. सारी हयात ते तेल टोचून टोचून लोकांना नुसता धीर देत आले होते. आता हाताला खरी वस्तू लागली होती आणि ती वाया जाईल या भीतीनं त्यांना झोप नव्हती. पण पर्लकोटा त्यांनी उन्हाळ्यात पाहिली होती. मी म्हटलं, “साहेब, पावसाळ्यात पलीकडचा माणूस इकडे येत नाही आणि इकडचा पलीकडे जात नाही. तेवढे महिने औषध कुठे थांबणार?” शेवटी तरुण डॉक्टरांनी माझी बाजू लावून धरली. पावसाळाभराच्या गोळ्या रोग्याच्या घरी द्यायच्या, पण पहिल्या वर्षी फक्त प्रयोग म्हणून, असं ठरलं. हिशेबाच्या साहेबांनी मान हलवली. चहा चांगला झाला होता.

गोळ्या आल्या. मृगाच्या तोंडावर बाई आली. गोळी आठवड्याला एक घ्यायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि पावसाळ्यात बाजार बंद, मग आठवडा मोजणार कशावर? पण माडिया लोकांची लग्नाचे दिवस मोजायची रीत मी पाहिली होती. दोरीला गाठी मारून पाठवतात, रोज एक गाठ सोडतात. मी अंबाडीच्या दोरीला अंतरा-अंतरावर गाठी मारल्या. चंद्राच्या कुठल्या दिवशी कुठली गाठ ते दोन-दोनदा समजावलं. गोळ्या दुधाच्या भुकटीच्या रिकाम्या डब्यात भरून झाकण मेणानं बंद केलं. दाराबाहेरून भाऊनं आधी माडियात आणि मग त्याच्या मराठीत सांगितलं, “एका गाठीले एक गोळी. गाठ सोड, गोळी खा.” तिनं दोरी गळ्यात घातली, डबा टोपलीत ठेवला आणि मुलाला उचलून निघून गेली. मला त्या दिवशी फार बरं वाटलं होतं. असं बरं वाटण्याचे दिवस त्या नोकरीत थोडेच आले.

नदी उतरली तसे आम्ही निघालो. डोंग्यातून पलीकडे, मग पायवाट. भाऊ वाटभर कुरकुरत होता. “बाई, थे येईनच ना इकडं बाजाराले. आपण काऊन जाऊन राह्यलो?” मला तिचा हात बघायचा होता, दुसरं काही नाही.

गावात शिरताना एक पोर समोर आलं. त्याच्या गळ्यात अंबाडीच्या दोरीचा बोटभर तुकडा होता आणि त्या तुकड्याला एक गाठ होती. पुढच्या अंगणात एका म्हातारीच्या मनगटाला तसाच तुकडा. गोठ्यात बैलाच्या शिंगाला एक. भाऊ कुणाशी तरी बोलला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, “बाई, लोकायनं गोळ्या वाटून घेतल्या. घरटी एक. गाठीसकट.”

पारध झाली की गावात मांसाचे वाटे पडतात. रानडुक्कर असो की ससा, घरं असतील तितक्या पानांच्या पुड्या होतात. आजाऱ्याला वाटा, विधवेला वाटा, पारधीला न गेलेल्यालाही वाटा. बाहेरून गावात आलेली चांगली वस्तू एकट्या घरानं खायची, हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. बाईनं डबा उघडला तो सगळ्यांसमोर. मी सांगितलं होतं एका गाठीला एक गोळी, म्हणून त्यांनी दोरीचेही तुकडे केले. गाठ नसलेली गोळी लागू पडणार नाही, याची त्यांनी काळजी घेतली होती.

मी चिडले. मला राग आवरत नाही, तो माझा स्वभावच आहे. तिथंच अंगणात उभी राहून ओरडले, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि तिथं कुणालाच त्यातलं काही धड कळत नव्हतं. बाई दारात उभी होती. तिला तिच्या वाट्याची गोळी मिळाली होती, सगळ्यांसारखी एक. आधीची दोन बोटं वळली होती ती वळलीच होती, मधलं बोटही आता आळसावलं होतं. पण ती तिच्या घरात होती. तिची चूल वेगळी नव्हती. आमच्या कितीतरी शहाण्या गावांत तिला एव्हाना गावाबाहेर झोपडी बांधून दिली असती आणि खापरातून पाणी वाढलं असतं. हे माझ्या लक्षात आलं आणि माझा आवाज खाली आला.

गावाचा गायता, म्हणजे तिथला मुख्य माणूस, मोहाच्या झाडाखाली बसून बांबूच्या बेळा, म्हणजे पातळ पट्ट्या, सोलत होता. त्यानं मला बसायला सांगितलं. मग भाऊच्या तोंडून विचारलं, “तुया गावात एक जण खाते आन् बाकीचे पाहात राह्यते काय?”

“हो,” मी म्हटलं. “आमच्याकडे तसंच असतं.”

त्याला माझी कीव आली. ती त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसली.

मग मी विचारलं, पारधीत कुणालाच जास्त वाटा नसतो का? असतो, तो म्हणाला. ज्याचा बाण पहिला लागला त्याचा एक वेगळा वाटा. त्याला कुणी हात लावत नाही. मला वाटलं, सापडली वाट. मी म्हटलं, मग या रोगाचा बाण हिला लागलाय, औषधात हिचा वाटा वेगळा. भाऊनं भाषांतर केलं आणि सगळे हसायला लागले. बाईसुद्धा हसली. गायता म्हणाला, “ज्याले बाण लागते थे तं जनावर. वाटे त्याचेच पडते!”

मीही हसले. हसण्यावाचून करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

पण गायता बेळा सोलता सोलता विचार करत होता. मग त्यानं बाईला काही विचारलं. दवाखान्यापर्यंत कोण गेलं होतं? ती म्हणाली, मी. डबा कुणी आणला? मी. त्यानं चाकू खाली ठेवला आणि निकाल दिला. भाऊनं तो मला जसाच्या तसा सांगितला. “दवाई तिनं आणली. जंगलातून चालून तिनं आणली. तं बाण तिचा. बाणाचा वाटा कोणी मांगत नाई. आमालेच समजलं नाई.”

मग घरोघरी निरोप गेला आणि लोक आपापली गोळी घेऊन आले. काहींनी खाऊन टाकली होती. एकानं बैलाला चारली होती, बैल ठणठणीत होता. पण पुष्कळांनी ती वेळेला उपयोगी पडेल म्हणून छपरात खोचून ठेवली होती. धुरानं काळवंडलेल्या, ओलीनं फुगलेल्या, चुरा झालेल्या गोळ्या. त्यांनी ते सगळं तिच्यापुढच्या पानावर ठेवलं. मी चांगल्या तेवढ्या वेचल्या, डब्यात घातल्या, आणि पुढच्या बाजारापासून पुन्हा नियमानं सुरू कर म्हणून सांगितलं. येताना भाऊ तिच्या अंगणातून गेला. लांबून नाही, अंगणातून.

उन्हाळा लागेपर्यंत ती दर बाजाराला आली. मधलं बोट थोडं सुधारलं होतं. माझी खात्री पटली होती की हे जमणार.

समिती पुन्हा आली. मी जे घडलं ते पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, वाटण्या पडल्या तेही आणि बाणाचा वाटा ठरला तेही. लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं, उलट मला अभिमान वाटत होता. पण ऐकणारा आपल्याला हवं तेवढंच ऐकतो. मोठ्या डॉक्टरांनी ‘बैलाला चारली’ इथंच डोळे मिटले. तरुण डॉक्टर म्हणाले, “सर, पण गावानं स्वतः मार्ग काढला. एवढ्यासाठी तरी पुढचा पावसाळा बघू या.” मोठे डॉक्टर शांतपणे म्हणाले, “रोग सरावला तर तो गायत्याचा निकाल मानणार नाही.” ते खोटं नव्हतं. मला म्हणायचं होतं, तुमचा नियमही नदी मानणार नाही, पण ते सुचलं मी भांडी विसळत असताना.

हुकूम आला. गोळी रोग्याच्या हातात द्यायची नाही. दवाखान्यातल्या माणसानं ती समक्ष रोग्याच्या तोंडात घालायची. जे रोगी नियमित येऊ शकत नाहीत त्यांना आश्रमाचा मार्ग मोकळा आहे. साठा चांद्यालाच राहणार, हजर रोग्यांपुरत्या गोळ्या येणार. मी वरती लिहिलं. तेवढ्यात आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. नागपूरच्या कचेरीनं कळवलं, आता मुंबईला लिहा. मुंबईला लिहिलं, तर त्यांनी विचारलं, हा प्रयोग कुणाच्या परवानगीनं सुरू झाला होता? असं घोडं अडलेलं असताना आभाळ भरून आलं.

ती आली. मूल आता चालत होतं, तिचं लुगडं धरून. तिच्या गळ्यात दोरी होती. गळ्यांतून, मनगटांवरून, शिंगांवरून गोळा केलेले सगळे तुकडे गावानं एकाला एक जोडून पुन्हा एक दोरी केली होती आणि ती तिच्याबरोबर पाठवली होती. भाऊनं ती हातात घेतली. तिच्या गळ्यातून काढून, स्वतःच्या हातात. “बाई,” तो म्हणाला, “जोडून जोडून गाठी जास्त झाल्या.”

गाव तयार होतं. माझ्याकडे गोळ्या नव्हत्या. नियम मोडून चोरून द्यायला मी मागंपुढं पाहिलं नसतं, पण चोरायला तरी डब्यात काही हवं ना? त्या दिवशीची एक होती, ती मी तिला दिली. तिला आश्रमाचं विचारलं. ती म्हणाली, “धानाचा रोवणा कोण करते? पोर कोण पाहाते?” मग म्हणाली, “गाव नाई सोडत मी. गावानं मले नाई सोडलं.” भाऊला मी म्हटलं, तिला सांग, बाईचे साहेब अजून वाटण्या करतायत. त्यानं ते सांगितलं की दुसरं काही, मला माहीत नाही. तिनं मान हलवली, रिकामी दोरी पुन्हा गळ्यात घातली आणि नदी चढायच्या आत निघून गेली.

तो पावसाळा माझ्याच्यानं सरता सरेना. लोक मला अजूनही विचारतात, औषध होतं तर मग अडलं कुठे? मी कुणाचंही नाव घेत नाही. मोठे डॉक्टर दुष्ट नव्हते, गाव अडाणी नव्हतं, गोळी खोटी नव्हती. सगळे आपापल्या जागी बरोबर होते, आणि हे सांगताना मला अजून थकायला होतं. त्यापेक्षा एखादा बदमाश असता तर त्याला शिव्या घालून मोकळी तरी झाले असते.

नदी उतरली. हुकमाप्रमाणे हजर रोग्यांपुरत्या गोळ्या येऊन पडल्या होत्या. पहिल्याच बाजाराला ती आली. टोपली या खेपेला डोक्यावर नव्हती, कोपराच्या वळणात अडकवलेली होती. मी काही विचारायच्या आत तिनं सवयीनं हात पुढे केला. पाचही बोटं तळव्यात मिटलेली होती. अंगठासुद्धा. त्या हातात गोळी ठेवायला जागाच नव्हती.

भाऊ दाराबाहेर नव्हता, तो माझ्या शेजारी येऊन उभा होता. त्यानं पाण्याचा पेला भरला आणि तिच्या ओठांना लावला. तिनं तोंड उघडलं. मग मी सरकारी हुकमाप्रमाणे गोळी माझ्या हातानं तिच्या तोंडात घातली.